आवाज तेवढा काढून द्या

कुपवाडच्या एमआयडीसीत जनरल शिफ्ट सुटली की रस्ता तासभर दुचाकींचा होतो. फौंड्रीच्या शेडमधून, कापडाच्या कारखान्यांतून, हळद-बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजवरून माणसं बाहेर पडतात. कुणी सांगलीकडे वळतं, कुणी मिरजेकडे, उरलेली गावात शिरतात. त्यातली थोडी घरी जाऊन हातपाय धुतात, शर्ट बदलतात आणि पुन्हा बाहेर पडतात. खिशात पेन ड्राइव्ह असतो.

एखाद्या दुकानाची माडी, नाहीतर कॉलनीतला छोटा हॉल. दोन स्पीकर, एक मिक्सर, एक लॅपटॉप, वीसेक प्लास्टिकच्या खुर्च्या. गाणारे नेहमीचेच: निवृत्त शिक्षक, रुग्णालयातली परिचारिका, फौंड्रीतला सुपरवायझर, मुलं मोठी झाल्यावर पुन्हा गायला लागलेली गृहिणी. हातातल्या मोबाइलवर शब्द, कानात सुरावट आणि समोरच्या स्पीकरमधून पन्नास माणसांचा वाद्यवृंद. सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून 1998 साली एक महापालिका झाली. गाण्याच्या बाबतीत ही तिन्ही गावं त्याआधीपासून एकमेकांच्या घरातच राहत होती.

अशा ठिकाणी सगळ्यात जास्त ऐकू येणारा शब्द 'राग' किंवा 'ताल' नाही. तो शब्द आहे 'ट्रॅक'. ट्रॅक आहे का? ट्रॅक कुठल्या पट्टीत आहे? गाजलेल्या हिंदी गाण्यांचे ट्रॅक आयते मिळतात. एखादं जुनं भावगीत, आकाशवाणीवर कधीतरी लागणारं भक्तिगीत किंवा आईच्या आवडीचं लग्नातलं गाणं म्हणायचं असेल तर अडतं. मग संगणक जाणणाऱ्या कुणाकडे तरी जावं लागतं. तो लग्नाचं व्हिडिओ शूटिंग करणारा असतो, मोबाइल दुरुस्तीवाला असतो किंवा कुणाचातरी इंजिनियरिंगला शिकणारा मुलगा असतो. मागणी ठरलेली: गाणं हेच पाहिजे, आवाज तेवढा काढून द्या.

'रिकामी जागा' म्हटलं की म्हणूनच कुपवाडची ही माडी समोर येते. 'कराओके' या जपानी शब्दाचा अर्थच रिकामा वाद्यवृंद. 'कारा' म्हणजे रिकामं आणि 'ओके' हे 'ऑर्केस्ट्रा'चं तोडून आखूड केलेलं रूप. कोबे शहरात 1971 साली दाइसुके इनोऊए या साथीदार वादकाने आपलं पहिलं यंत्र जुळवलं. त्याचा एक गिऱ्हाईक छोट्या पोलाद कंपनीचा मालक होता. त्याला सहलीत गायचं होतं आणि इनोऊएच्या साथीशिवाय ते जमत नव्हतं. इनोऊएला जाता येईना, म्हणून त्याने साथ टेपवर भरून दिली. पुढे त्यातून यंत्र निघालं. त्याने पेटंट घेतलं नाही. जगभर पसरलेल्या या छंदाच्या एका उगमाशी लोखंडाच्या धंद्यातला एक हौशी गाणारा होता, ही गोष्ट फौंड्र्यांच्या कुपवाडला परकी वाटू नये.

वजाबाकी

इनोऊएने साथ नव्याने वाजवून भरली. तयार गाण्यातून गायकाला उचलून बाजूला ठेवणं हे काम वेगळं आणि फार अवघड.

संगणकावरची पहिली युक्ती वजाबाकीची होती. स्टिरिओ गाण्याला दोन वाहिन्या असतात, डावी आणि उजवी. मिक्सिंग करताना गायकाचा आवाज बहुधा मधोमध ठेवतात, म्हणजे दोन्हीकडे अगदी सारखा. व्हायोलिनं थोडी डावीकडे, गिटार थोडी उजवीकडे. आता एक वाहिनी उलटी केली, म्हणजे तिच्या लहरीतला प्रत्येक चढ उतार केला आणि प्रत्येक उतार चढ, आणि दोन्ही एकत्र केल्या, तर जे दोन्हीकडे सारखं होतं ते एकमेकांना खाऊन टाकतं. गायक गायब. बाजूची वाद्यं उरतात.

ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात 1999 साली आकाराला आलं आणि 2000 साली लोकांसाठी खुलं झालं. सायबर कॅफेच्या काळात अनेकांनी ही वजाबाकी पहिल्यांदा त्यातच केली. गाणं उघडायचं, दोन वाहिन्या सुट्या करायच्या, एकीवर 'इन्व्हर्ट' दाबायचं, दोन्ही मोनो करायच्या आणि ऐकायचं. पहिल्यांदा ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा. वर्षानुवर्षं कानात बसलेला आवाज खरोखरच नाहीसा झालेला असायचा.

दुसऱ्यांदा ऐकलं की उणिवा दिसायच्या. मधोमध गायक एकटा नसतो. बास गिटार तिथेच असते, ढोलाचा खालचा ठोका तिथेच, बऱ्याच गाण्यांत ढोलकीही तिथेच. गायकाबरोबर गाण्याचा पायाही जायचा. उलट गायकाच्या आवाजाला दिलेला घुमारा, ज्याला स्टुडिओत 'रिव्हर्ब' म्हणतात, दोन्ही बाजूंना वेगवेगळा पसरलेला असायचा. तो वजा व्हायचा नाही. माणूस गेलेला आणि त्याचा प्रतिध्वनी तेवढा मागे, विहिरीच्या तळातून गातोय असा.

दोन कान, एकच गाणं

मराठी माणसाला जी गाणी म्हणायची असतात त्यांची गोष्ट आणखी वेगळी. भावगीतं, जुनी चित्रपटगीतं, नाट्यपदांच्या तबकड्या, 1970च्या दशकापर्यंतचं यातलं बहुतेक सगळं मोनोत मुद्रित झालेलं आहे. मोजके माइक, सगळे वादक आणि गायक एकाच वेळी हजर, आणि एकच वाहिनी. आज ते दोन स्पीकरमधून ऐकू येतं ते दोन्हीकडे तीच प्रत वाजते म्हणून. एकातून दुसरी वजा केली तर उत्तर शून्य. गायक जातो, पेटी जाते, तबला जातो. पडद्यावर सरळ आडवी रेघ उरते.

त्यात काही जुनी गाणी नंतरच्या काळात 'स्टिरिओ' म्हणून पुन्हा बाजारात आली. एका बाजूला थोडी धार, दुसऱ्या बाजूला थोडा उशीर, एवढंच करून. त्यांची वजाबाकी केली की धड गाणं नाही आणि धड शांतता नाही, नुसती खरखर.

म्हणून या भागात खरे ट्रॅक बनवले ते कीबोर्ड वाजवणाऱ्यांनी. गाणं शेकडो वेळा ऐकायचं, सुरुवातीच्या संगीतातला प्रत्येक तुकडा कानाने उचलायचा, बासरी कुठे येते, सतार कुठे झेपावते हे लिहून काढायचं आणि सगळं पुन्हा वाजवून एकावर एक थर चढवायचे. एका गाण्याला दिवसचे दिवस लागतात. ऐकणारा चांगला असेल तर असा ट्रॅक आजही सॉफ्टवेअरने काढलेल्या ट्रॅकपेक्षा सरस असतो. ही मेहनत करणाऱ्यांची नावं कुठल्याच फाइलवर नसतात, हे मनाला लागतं.

आवाजाशिवाय गाणं ऐकायची सवय तर त्याहून जुनी. लग्नाच्या वरातीतला बँड दुसरं काय करतो? गायकाच्या जागी क्लॅरिनेट किंवा ट्रंपेट येतं, शब्द ऐकणाऱ्याच्या मनात चालू असतात. पुण्याच्या इनॉक डॅनियल्स यांनी ॲकॉर्डियनवर वाजवलेल्या गाण्यांवर एक पिढी वाढली. रेडिओवर दोन कार्यक्रमांच्या मध्ये अशा धून लागायच्या आणि स्वयंपाकघरातली बाई त्यावर नकळत शब्द म्हणायला लागायची. कराओके तेव्हाही होतंच, नाव नव्हतं.

आवाजाचं चित्र

गेल्या दहाएक वर्षांत जे बदललं त्याची सुरुवात एका चित्रापासून होते. गाण्याचा आलेख असा काढता येतो की डावीकडून उजवीकडे वेळ सरकते, खालून वर सूर चढतो आणि जिथे आवाज जास्त तिथे रंग उजळ. याला स्पेक्ट्रोग्राम म्हणतात. तंबोरा त्यात आडव्या पट्ट्यांसारखा दिसतो, शांत आणि सरळ. तबल्याची थाप म्हणजे उभी रेघ. माणसाचा गळा सगळ्यांत वेगळा: एकावर एक अशा अनेक समांतर रेघा, सगळ्या एकदम वळणाऱ्या, मींड घेतली की एकदम घसरणाऱ्या, कंप आला की एकदम थरथरणाऱ्या. थोडी सवय झाली की नुसत्या डोळ्यांनीही गायक कुठे सुरू झाला ते दाखवता येतं.

डोळ्यांनी दिसतं, तर यंत्राला का दिसू नये? 2015 साली जर्मनीतल्या फ्रायबुर्ग विद्यापीठात सूक्ष्मदर्शकाच्या चित्रातल्या पेशी वेगळ्या ओळखण्यासाठी 'यू-नेट' नावाची रचना तयार झाली. काम वैद्यकीय होतं. दोन वर्षांनी, 2017 साली, लंडनच्या सिटी विद्यापीठातल्या आणि स्पॉटिफाय कंपनीतल्या संशोधकांनी तीच रचना गाण्याच्या चित्रावर लावली. पेशीच्या जागी गळा. डॉक्टरांचं आणि तंतुवाद्यांचं गाव म्हणून एकाच वेळी ओळखल्या जाणाऱ्या मिरजेच्या शेजारी बसून हे वाचलं की विशेष गंमत वाटते.

यंत्राला शिकवायला जोड्या लागतात: तेच गाणं आवाजासह आणि तेच आवाजाशिवाय. त्या संशोधकांकडे अशा सुमारे 20,000 जोड्या होत्या. दोन्ही चित्रं शेजारी ठेवून यंत्र हजारो वेळा अंदाज बांधतं, चुकतं, सुधारतं. शेवटी त्याला नवं गाणं दिलं की ते एक झिरझिरीत पडदा तयार करतं. चित्रातल्या प्रत्येक ठिपक्याला एक आकडा, शून्य ते एक. हा ठिपका गळ्याचा किती आणि वाद्यांचा किती. तो पडदा मूळ चित्रावर धरला की आवाज एकीकडे, साथ दुसरीकडे.

बेदाण्याच्या धंद्यातल्या माणसाला हे समजायला वेळ लागत नाही. कलर सॉर्टर त्याने पाहिलेला असतो. पट्ट्यावरून बेदाणा धावतो, कॅमेरा प्रत्येक मणी बघतो, काळपट दिसला की हवेचा फटकारा त्याला बाजूला उडवतो. फरक एवढाच की बेदाण्याचा मणी एक तर हिरवा असतो किंवा काळा. गाण्यातल्या ठिपक्यात मात्र गळा आणि पेटी साखर-पाण्यासारखी विरघळलेली असू शकतात. म्हणून यंत्र मणी उडवत नाही, वाटणी करतं.

नोव्हेंबर 2019 मध्ये डीझर या फ्रेंच कंपनीने 'स्प्लीटर' नावाचं असं शिकून तयार झालेलं यंत्र सगळ्यांना फुकट दिलं. ते गाण्याचे दोन, चार किंवा पाच भाग करतं. त्याच सुमाराला फेसबुकच्या संशोधकांचं 'डेमक्स' आलं. त्याने चित्राची पायरी गाळून थेट आवाजाच्या लहरीवर काम केलं, पुढच्या आवृत्त्यांत दोन्ही पद्धती जोडल्या. आज 'अल्टिमेट व्होकल रिमूव्हर' या फुकट सॉफ्टवेअरमध्ये असे अनेक प्रकार एकत्र मिळतात. साधा लॅपटॉप असला तरी चहा पिऊन होईपर्यंत एक गाणं निघतं. मुख्य म्हणजे मोनो गाणंही निघतं. वजाबाकीला दोन वाहिन्या लागत होत्या. चित्र एका वाहिनीचंही काढता येतं. ज्या गाण्यांपुढे वीस वर्षं सगळे हात टेकत होते ती कुपवाडच्या माडीवर पोचली ती या एका फरकामुळे.

पेटी गळ्याच्या मागे चालते

पण जुनं मराठी गाणं या यंत्रात घातलं की काय होतं, ते नीट कान देऊन ऐकण्यासारखं आहे.

पहिल्या ओळीला पेटी ऐकू येते. गायिका सुरू होते, म्हणजे सुरू व्हायची ती जागा येते, आणि पेटी एकदम पातळ होते. ओळ संपली की पेटी परत भरून येते. सारंगीचं तसंच. बासरीने एखादी लांब मींड घेतली तर मधले चार सूर गळून पडतात, कारण यंत्राला तो गळा वाटला. 'स' आणि 'श' यांचा फुत्कार झांजेसारखा दिसतो, म्हणून गायिका गेली तरी तिचे ऊष्म वर्ण टाळांबरोबर मागे राहतात. अभंगातला कोरस मुख्य गायकाबरोबर जातो. ओळ टाकणारा एकटा आणि झेलणारं कुणी नाही. त्यासाठी मुख्य आवाज काढून मागचे आवाज ठेवणारे वेगळे प्रकार निघाले आहेत, ते निवडावे लागतात.

चूक यंत्राची आहे तशी आपल्या संगीताच्या घडणीचीही आहे, आणि ती घडण अभिमानाची आहे. पाश्चात्त्य पॉप गाण्यात गिटार आपल्या जागी आपलं काम करते, गायक त्याच्यावर आपली धून गातो. आपल्याकडे साथीदाराचं कौशल्यच गळ्याच्या मागे सावलीसारखं चालण्यात. गायक जो सूर घेईल तोच पेटीवर क्षणभराने उमटला पाहिजे, त्याच वळणाने. सारंगीची थोरवी तर ती माणसासारखी गाते यातच मानली गेली. गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या मागे कादरबक्ष सारंगीवर आणि तबल्यावर अहमदजान तिरखवाँ बसत. सांगली जिल्ह्यातल्या नागठाण्याच्या या नटाचं गाणं त्या साथीपासून वेगळं काढून ऐकावं असं त्या काळातल्या प्रेक्षकाच्या मनातही आलं नसेल. जे मुद्दाम एकजीव केलं ते यंत्राने सुटं करायचं आहे.

हा प्रश्न मुंबईच्या आयआयटीत फार आधी ओळखला गेला होता. प्रा. प्रीती राव आणि विश्वेश्वर राव यांनी 2010 साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनाचा विषयच हा: पेटीसारखं सुरेल वाद्य गळ्याच्या बरोबरीने वाजत असताना गळ्याची सुरावट नेमकी कशी वेगळी ओळखायची. त्यांची एक वाट अशी होती की गळा स्थिर राहत नाही, पेटीच्या पट्टीचा सूर दाबल्यावर हलत नाही. तेव्हा थरथर कुणाची आहे ते बघा. पेटीला मींड नाही म्हणून शास्त्रीय गायकांनी तिला शंभर वर्षं नावं ठेवली, एकेकाळी आकाशवाणीनेही तिच्यावर बंदी घातली होती. तीच उणीव इथे गायकाला ओळखायच्या कामी आली.

शिकवायच्या गाण्यांचाही प्रश्न आहेच. संशोधक सगळीकडे वापरतात तो 'म्युसडीबी18' हा संग्रह 150 गाण्यांचा, जवळजवळ सगळा पाश्चात्त्य पॉप आणि रॉकचा. त्यात ड्रम, बास, आवाज आणि 'इतर' अशी चार खाती. तबल्याने कुठल्या खात्यात बसावं? चाटीचा कडक आवाज ड्रममध्ये जातो, डग्ग्याचा घिस्सा बासमध्ये, आणि डग्गा मनगटाने दाबून काढलेली मींड कधी चक्क आवाजाच्या खात्यात जाते. ढोलकीचा घुमारा तिन्हीकडे विभागला जातो. स्पेनमधल्या बार्सिलोनाच्या संशोधन गटाने 'सरगा' नावाचा हिंदुस्थानी आणि कर्नाटक संगीताचा संग्रह जमवला तेव्हा वेगळीच अडचण आली. आपले कलाकार एका मंचावर शेजारी-शेजारी बसतात, त्यामुळे गायकाच्या माइकमध्ये मृदंग आणि मृदंगाच्या माइकमध्ये गायक. शुद्ध एकटा आवाज मुळात मिळतच नाही. मराठी गाण्यांच्या आवाजासह आणि आवाजाशिवाय अशा जोड्याही बाजारात फारशा आल्या नाहीत. आलेल्या असत्या, तर आज यंत्राला ढोलकी ओळखता आली असती. एखाद्या विद्यापीठाने किंवा ध्वनिमुद्रण कंपनीने हे काम अजूनही हातात घ्यावं, इतकं ते मोलाचं आहे.

काळी चार ते काळी एक

आवाज निघाला म्हणजे ट्रॅक तयार झाला असं नाही. गाणं बाईने काळी चारमध्ये, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी 'सा' धरून, गायलेलं असतं आणि म्हणणाऱ्या सुपरवायझरचा गळा काळी एकचा. पूर्वी टेप हळू फिरवली की सूर उतरायचा, पण लयही उतरायची. एका पट्टीला जवळपास सहा टक्के. सॉफ्टवेअर सूर आणि लय वेगळे हलवतं. काळी चारपासून काळी एकपर्यंत सात पट्ट्या खाली जायचं किंवा पाच पट्ट्या वर. इतकं ओढलं की व्हायोलिनं खोकल्यासारखी वाजतात, म्हणून जाणकार तीन-चार पट्ट्यांवर थांबतात आणि गाणाऱ्याला थोडं समजावतात.

इथेही बाहेरचा सल्ला जसाच्या तसा चालत नाही. पाश्चात्त्य गाण्यासाठी सांगतात की तालवाद्य वेगळं काढा, त्याचा सूर हलवू नका, बाकीचं हलवा, म्हणजे ठोका कसदार राहतो. ड्रमला ते ठीक. तबला मात्र गाण्याच्या षड्जात लावलेला असतो. सगळं गाणं काळी एकवर आणलं आणि तबला काळी चारमध्येच घुमत राहिला, तर गाणाऱ्याच्या कानाशी सतत कुणीतरी चुकीचा 'सा' देत बसतं. तबला गाण्याबरोबर हलवायलाच लागतो, मग त्याची चाट जरा बोथट झाली तरी चालेल. ही गोष्ट कुठल्याही सूचनापुस्तिकेत नाही. ती माडीवरच्या लोकांना कानाने कळते.

जानेवारीत शाळांची गॅदरिंग लागली की या कामाला ऊत येतो. मुलांनी समूहगीत बसवलेलं असतं, बाईंना सुरुवातीचं संगीत पाहिजे, मधलं कडवं नको, शेवटी दोनदा ध्रुवपद. आवाज काढून, कडवं कापून, जोड कळणार नाही असा समेवर बसवून द्यायचा. कात्रीचं काम कानाने करायचं. त्या मुलांनी रंगमंचावर पहिल्यांदा माइक धरला तेव्हा मागे सतार आणि व्हायोलिनं वाजत होती, हे त्यांना जन्मभर आठवत राहील.

वाट न बघणारी साथ

सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात. विष्णुदास भावे यांनी 1843 साली इथे 'सीता स्वयंवर' केलं, तेव्हापासून या गावाला गाणारा नट आणि त्याच्या मागे बसलेला साथीदार यांची ओळख आहे. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले. 1937 साली ते गेले, त्यांचं दफन मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात झालं आणि तिथे दरवर्षी गायक-वादक हजेरी लावतात. मिरजेच्या सतारमेकरांच्या गल्लीत भोपळे कापून तंबोरे बनतात. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं.

अशा गावात ट्रॅकवर गाण्याबद्दल नाखुशी असणारच, आणि तिच्यात तथ्य आहे. साथीदार वाट बघतो. गायक समेवर यायला चुकला तर तबलजी एक आवर्तन भरून काढतो, श्वास अपुरा पडला तर पेटीवाला सूर धरून ठेवतो. ट्रॅक थांबत नाही. तो ज्या गायिकेच्या श्वासांवर मोजून वाजला, तिच्याच श्वासांनी पुढे जातो. गाणाऱ्याने जागा लांबवली की पुढची ओळ हातची गेली. त्यामुळे ट्रॅकवर वाढलेला गाणारा हळूहळू मूळ गायकाच्या साच्यात बसतो. स्वतःची एक हरकत घ्यायची तरी चोरून, दोन सुरांच्या फटीत.

बंगळूरच्या 'रॅडेल'चा इलेक्ट्रॉनिक तंबोरा 1979 साली आला तेव्हाही मिरजेच्या तंबोऱ्यांच्या मागणीचं काय होणार, ही भीती रास्तच होती. तंबोरा हातात न घेता रियाज करणारे वाढले. तरी चांगला तंबोरा घ्यायला लोक आजही त्याच गल्लीत येतात.

दुसरी बाजूही तेवढीच खरी. चार वादकांची बिदागी देऊन आठवड्यातून दोनदा गाणं फौंड्रीतल्या माणसाला परवडणारं नाही. त्याच्या वडिलांना गायचं असतं तर भजनी मंडळ होतं, तिथे अभंग होते. चित्रपटातलं प्रेमगीत पूर्ण वाद्यवृंदासह म्हणायची सोय त्या पिढीत फक्त ऑर्केस्ट्राच्या गायकाला होती. पंचावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा माइकवर उभी राहणारी बाई पहिल्या महिन्यात थरथरते आणि सहाव्या महिन्यात दुसरीला पट्टी सांगते. हे मोल कमी लेखता येत नाही. एवढंच व्हावं की वर्षातून एखाद्या कार्यक्रमाला या मंडळींनी वर्गणी काढून गावातला तबलजी आणि पेटीवाला बोलवावा. काही ठिकाणी होतंही. त्या दिवशी गाणारे आधी बावचळतात, मग दुसऱ्या कडव्यात कुणीतरी आपली वाट बघतंय हे लक्षात येऊन मोकळे होतात.

गाणं कुणाचं

काढलेल्या ट्रॅकवर हक्क कुणाचा, हा प्रश्न माडीवर क्वचित निघतो. कॉपीराइट कायद्यात एका गाण्याचे तीन हक्क आहेत: शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रसिद्ध झाल्यानंतर 60 वर्षं, शब्दांचा आणि चालीचा त्या रचनाकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं. ग. दि. माडगूळकर सांगली जिल्ह्यातल्या माडगुळ्याचे. ते 1977 साली गेले, म्हणजे त्यांच्या शब्दांचा हक्क 2037 अखेरपर्यंत. सुधीर फडके 2002 साली गेले, त्यांच्या चालींचा हक्क 2062 अखेरपर्यंत. तेव्हा 1950च्या दशकातली तबकडी मोकळी झाली असली तरी तिच्यातलं गाणं मोकळं झालेलं नाही. घरात, मित्रांत म्हणणं वेगळं. धार्मिक विधी आणि लग्नसमारंभ यांना कायद्याने सवलत दिली आहे. तिकीट लावून कार्यक्रम करताना किंवा ट्रॅक विकताना मात्र परवानगी घ्यावी लागते, आणि ती घेतली पाहिजे. ज्यांच्या गाण्यावर ही संध्याकाळ उभी आहे त्यांच्या घरी तो पैसा जातो.

आवाज काढता येतो तसा आता ठेवताही येतो, आणि तिथून नवी भीती सुरू होते. वेगळा काढलेला गळा यंत्राला शिकवून त्याच गळ्यात नवं गाणं म्हणवता येतं. 2024 साली अरिजित सिंग यांच्या आवाजाच्या अशा नकलांना मुंबई उच्च न्यायालयाने मनाई केली. 2025 साली आशा भोसले यांनाही त्याच न्यायालयाने संरक्षण दिलं. आशाबाईंचा जन्म सांगलीचा. या गावात ही बातमी शेजारच्या घरातली वाटावी अशी आहे.

ठेवलेल्या आवाजाचं चांगलं उदाहरणही आहे. बीटल्सच्या जॉन लेनन यांनी घरी कॅसेटवर भरलेलं एक गाणं पियानोच्या आवाजात बुडालेलं होतं. आवाज वेगळा निघाला आणि 2023 साली ते गाणं प्रसिद्ध झालं. मिरजेत बसून हे ऐकणाऱ्याच्या मनात अब्दुल करीम खाँच्या तबकड्या येतात. खरखरीमागचा तो गळा आणखी थोडा जवळून ऐकता आला तर? काही हौशी संग्राहक आपापल्या संगणकावर हे करून बघतात. खरखर जाते, तिच्याबरोबर गळ्याची बारीक धारही जाते, आणि मग ते पुन्हा मूळ तबकडी लावतात.

कुपवाडच्या माडीवर रात्री नऊच्या सुमाराला शेवटची गाणी होतात. जुनं भावगीत लागतं. यंत्राने गायिका नीट काढली आहे, पेटी दोन ठिकाणी विरलेली आहे तेवढीच. अंतऱ्याच्या आधी मात्र एक गोष्ट राहून गेली आहे. तिने ओळ उचलण्यापूर्वी घेतलेला श्वास. यंत्राला तो गळा वाटला नाही, वाद्यही वाटलं नाही, म्हणून तो जिथल्या तिथे राहिला, तबल्याच्या दोन बोलांच्या मध्ये, अगदी हलका. ट्रॅक करून देणाऱ्या मुलाने तो पुसायची तयारी दाखवली होती. म्हणणाऱ्या बाईंनी नको म्हणून सांगितलं. गाणं त्या जागी येतं, स्पीकरमधून श्वास ऐकू येतो, त्याच क्षणी त्या श्वास घेतात, आणि ओळ उचलतात.